शिफ्टर घेण्याआधी तार सोडून बघ

तुझ्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. रोड बाईक चार वर्षं जुनी, शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची लिव्हर) शिमानो टूर्नी ए०७०, मागे सात चकत्यांचं १४-२८ दातांचं फ्रीव्हील, पुढे ५०-३४ दातांच्या दोन चकत्यांचा क्रँक, कॅलिपर ब्रेक. तक्रारी तीन. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात गिअर टाकला की लगेच पडत नाही, शेवटच्या चढाला पाय संपतात, आणि उतारावर हात हँडलच्या खाली वळलेल्या भागात, म्हणजे ड्रॉपमध्ये, असले की अंगठ्याचं बटण हाताला लागत नाही. आता पुण्यातला एकजण शिमानोच्या १०५ मालिकेचे वापरलेले अकरा स्पीडचे (मागच्या अकरा चकत्यांसाठीचे) शिफ्टर, एसटी-५८००, स्वस्तात देतोय आणि तू विचारतोस, ‘काका, घेऊ का? बसतील ना?’

हँडलला बसतील. लिव्हर आवळायच्या जागी रोड बाईकचं ड्रॉप हँडल साधारण २४ मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे कुठलाही रोड शिफ्टर त्यावर चढतो. पण गिअर पडणार नाहीत. पैसे पाठवले नसतील तर अजून पाठवू नकोस. हे सगळं वाच, मग ठरव.

पहिली गोष्ट, तुझ्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं एकच शिफ्टर बदलून बरं होणारं आहे. ‘गिअर लगेच पडत नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या सायकलींत खरोखर बिघडलेला शिफ्टर क्वचित निघतो. बहुतेक वेळा तार असते. आपल्याकडे तर जास्तच. कासच्या रस्त्यावर पावसाळ्यात धुकं, भुरभुर आणि जांभ्याची लाल माती, उन्हाळ्यात धुरळा, आणि थंडीत कोरेगावच्या बाजूला गेलास तर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणून टाकलेला चिखल. हे सगळं तारेवरच्या नळीच्या, म्हणजे आउटरच्या, तोंडातून आत जातं आणि तिथे वाळून बसतं. मागच्या डिरेलरजवळ (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आउटरचा जो गोल वळसा असतो, तिथे सगळ्यात जास्त. तू गिअर टाकलास की तार आतल्या मातीत अडकून हळूहळू सरकते. पायडलचे दोन फेरे झाले की गिअर पडतो. तोवर चढ तुला खाऊन टाकतो.

तपासायची रीत सोपी आहे. सायकल स्टँडला लाव, चेन सगळ्यात लहान चकतीवर आण. डिरेलरवरचा तार पकडणारा बोल्ट ५ च्या ॲलन कीने सैल कर आणि तार मोकळी कर. आता तारेचं टोक पक्कडीत धरून हलका ताण दे आणि दुसऱ्या हाताने शिफ्टर एकेक टिक चढव, एकेक उतरव. प्रत्येक टिकेला तार ठरावीक अंतर आत जायला हवी आणि सोडल्यावर तेवढीच बाहेर यायला हवी. हाताला खरखर लागली, कुठे तार रेंगाळली, तर दोष आउटरमध्ये आहे. मग तार आउटरमधून पूर्ण काढ आणि नुसत्या तारेवर शिफ्टर चालवून बघ. तिथे टिक-टिक स्वच्छ आली तर शिफ्टर ठणठणीत आहे आणि तुझं काम नवी तार आणि नवा आउटर एवढ्यावर भागलं.

टिकच आली नाही, लिव्हर पोकळ फिरली, तरीही लगेच शिफ्टर मेला म्हणू नकोस. आतलं ग्रीस चार-पाच वर्षांत घट्ट होतं, मेणासारखं. त्यात बारीक खटके असतात, ते ग्रीसमध्ये रुतून बसतात आणि दात्यांना पकडतच नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर मेढ्याकडची एक मुलगी अशीच सायकल घेऊन आली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की शिफ्टरची जोडी नवीनच लागेल. मी लिव्हरवरचा रबरी हूड मागे सरकवला, ग्रीस विरघळवणारा नळीचा स्प्रे आत मारला, लिव्हर चालवली, पुन्हा मारला. पहिल्यांदा काळपट पिवळा थर बाहेर ओघळला. पाचव्या-सहाव्या वेळी नुसता स्वच्छ द्रव यायला लागला आणि एक टिक ऐकू आली. मग दुसरी. अर्ध्या तासात आठच्या आठ. त्यानंतर पातळ तेलाचे दोन थेंब द्यायला मात्र विसरायचं नाही, कारण स्प्रे जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि आतले भाग कोरडे राहिले की झिजतात. ती सायकल अजून त्याच शिफ्टरवर चालते.

तिसरी शक्यता हँगरची. मागचं डिरेलर ज्या कानाला लटकतं तो कान वाकलेला असेल तर जगातला कुठलाही शिफ्टर लावलास तरी गिअर नीट बसणार नाही. सायकल उजव्या अंगावर एकदा पडली, एसटीच्या टपावरून आली, पार्किंगमध्ये कोणी ढकलली, एवढं पुरतं. मागे उभा राहून बघ, डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या वरच्या गिअर-चकतीच्या सरळ रेषेत आहेत का. शंका आली तर नेमकं मापायचं अवजार मिळतं. ते नसेल तर एक जुनी युक्ती सांगतो. हँगरचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर पिचचे असतात, आणि गिअरच्या बऱ्याच सायकलींच्या मागच्या चाकाचा नटवाला भरीव ॲक्सल नेमका त्याच आट्यांचा असतो. डिरेलर काढून असं एखादं सुटं चाक त्या हँगरमध्ये फिरवून बसवायचं. दोन चाकं एकमेकांना समांतर दिसली तर हँगर सरळ. वर-खाली, पुढे-मागे अंतर मोज, फरक लगेच कळतो. मात्र आटे तेच आहेत याची खात्री हवी. हाताने सहज फिरत नसेल तर जबरदस्ती करू नकोस, कान तुटला तर सायकल घरी बसेल.

आता दुसरी तक्रार, पाय संपण्याची. शिफ्टर कितीही भारी आणलास तरी चढ हलका होत नाही, चढ दातांनी हलका होतो. तुझा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४, मागे २८. तुझ्या ७०० बाय २५ च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर तुला घाटात ताशी ९ किलोमीटरच्या वर राहावं लागतं. वेग त्याखाली गेला की फेरे पडतात, गुडघ्यावर जोर येतो. मागे ३२ ची चकती असती तर तेच ६० फेरे ताशी ८ किलोमीटरला राखता आले असते, ३४ ची असती तर साडेसातला. समर्थ मंदिरापासून वर निघाल्यावर हा एक-दीड किलोमीटरचा फरक काय असतो ते तुला मी सांगायला नको.

आणि हे सात स्पीडमध्येच होतं. १४-३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील बाजारात मिळतं, त्याला मेगारेंज म्हणतात. शेवटून दुसरी चकती २४ ची आणि शेवटची एकदम ३४ ची, त्यामुळे मध्ये मोठी उडी आहे, ती पायाला जाणवते. पण घाटात ती एक चकती देवासारखी धावून येते. त्याला मागचं डिरेलर लांब पिंजऱ्याचं, म्हणजे छोट्या चकत्या धरणारा खालचा भाग लांब असलेलं, लागेल. टूर्नीचंच एमटीबीचं (माउंटन बाईकचं) डिरेलर चालतं, कारण त्याचं तार ओढण्याचं प्रमाण तुझ्या ए०७० सारखंच आहे. चेन नवी आणि थोडी लांब लागेल. पुढे ५० आणि मागे १४ म्हणजे सपाटीला ९० फेऱ्यांवर ताशी ४० किलोमीटर मिळतात. वरचा गिअर आत्ता आहे तोच राहतो, तिथे तुझं काही जात नाही. तुझी खरी अडचण फक्त चढ असेल तर इथेच थांब. हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त गुणाचा उपाय आहे.

तिसरी तक्रार मात्र खरीखुरी शिफ्टरची आहे. ए०७० मध्ये एका बाजूचा गिअर अंगठ्याच्या बटणावर आहे आणि ते बटण हूडच्या आतल्या अंगाला. ड्रॉपमध्ये हात असताना अंगठा तिथे पोचत नाही. उतार संपून एकदम चढ लागला, वळणावर हात ब्रेकवर आहेत आणि गिअर बदलायचाय, अशा वेळी हात उचलून वर न्यावा लागणं धोक्याचंच. ही तक्रार असेल तर शिफ्टर बदलायला मी मनापासून हो म्हणेन. कुठले घ्यायचे एवढाच प्रश्न उरतो.

इथे आकडे समजून घे, म्हणजे आयुष्यभर कोणी तुला चुकीचा माल विकू शकणार नाही. शिफ्टर एका टिकेला ठरावीक मिलिमीटर तार ओढतो. डिरेलर त्या ओढीला ठरावीक पटीने मोठं करून आडवं सरकतं. आणि तेवढंच अंतर दोन चकत्यांमध्ये असावं लागतं. तार गुणिले पट बरोबर चकत्यांमधलं अंतर. एवढंच गणित आहे.

शिमानोच्या जुन्या रोड डिरेलरची पट साधारण १.७. तुझं ए०७० चं, क्लॅरिसचं, सोराचं, जुन्या टियाग्राचं, सगळ्यांची हीच. आठ स्पीडचा शिफ्टर एका टिकेला साधारण २.८ मिलिमीटर तार ओढतो. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६, आणि आठ स्पीडच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) चकत्यांचं अंतर ४.८. जमलं. नऊ स्पीडला अंतर ४.३५, दहाला ३.९५, तसा शिफ्टर प्रत्येक वेळी कमी ओढतो. पण अकरा स्पीडला शिमानोने गणितच बदललं. २०१२ च्या ड्युरा-एस ९००० पासून रोड डिरेलरची पट १.४ केली आणि शिफ्टर जास्त ओढणारा केला, साधारण २.७. चकत्यांचं अंतर ३.७ च्या आसपास.

आता तुला देऊ केलेला ५८०० चा शिफ्टर तुझ्या १.७ च्या डिरेलरला लाव. एका टिकेला ४.५९ मिलिमीटर सरकेल. तुझ्या सात स्पीडच्या फ्रीव्हीलमध्ये अंतर ५ मिलिमीटर. प्रत्येक टिकेला ०.४ ची तूट, तिसऱ्या टिकेला सव्वा मिलिमीटर. चेन एका चकतीवर घासत, दुसरीकडे चढायला बघत राहणार. ते ट्युनिंग करून सुटत नाही, कितीही स्क्रू फिरव. तो शिफ्टर नीट चालवायचा तर १.४ चं अकरा स्पीड डिरेलर, अकरा स्पीडची कॅसेट, ती बसणारं मागचं चाक, बारीक चेन, त्या पिढीचं पुढचं डिरेलर, आणि सगळं धड चालवायचं तर क्रँकही. स्वस्तातल्या शिफ्टरच्या मागे एवढी वरात निघते. तेवढ्या पैशात तू चांगली वापरलेली सायकलच घेशील.

याच ठिकाणी लोक अजून एका जागी फसतात. टियाग्रा ४७०० हा दहा स्पीडचा आहे, पण त्याची ओढ आणि पट नव्या अकरा स्पीडच्या घराण्यातली आहे. टियाग्रा ४६०० पण दहा स्पीडचाच, आणि तो जुन्या घराण्यातला. दोघांवर ‘टियाग्रा’, दोघांवर ‘१०’. ४७०० चा शिफ्टर आणि ४६०० चं डिरेलर एकत्र केलं की गिअर कधीच जुळत नाहीत. म्हणून नावावर आणि स्पीडवर जाऊ नकोस, मॉडेल नंबर वाच. शिफ्टरवर तो ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला किंवा लिव्हरच्या मागे कोरलेला असतो, डिरेलरवर पाठच्या अंगाला. विकणाऱ्याकडून त्या नंबराचा फोटो मागव. फोटो देत नसेल तर तो व्यवहार सोड. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं गणित सगळं वेगळं, ते शिमानोत मिसळायचं नाही. मायक्रोशिफ्टचे रोड शिफ्टर शिमानोच्या जुन्या गणितावर बनवलेले मिळतात, ते चालतात, पण तिथेही नंबर बघूनच. एमटीबीची नऊ स्पीडपर्यंतची शिमानो डिरेलर याच १.७ च्या घराण्यातली आहेत, दहा स्पीडपासूनची नाहीत.

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसला टिकेवर पडणारा गिअर दिला, त्याआधी शिफ्टर नुसता घर्षणावर चालायचा. फ्रेमच्या खालच्या नळीवर लिव्हर, हाताने अंदाज घ्यायचा आणि चेन नीट बसली की सोडायची. कुठलाही शिफ्टर कुठल्याही डिरेलरला. अजून कोणाकडे तशी जुनी सायकल असली तर मी तिचे शिफ्टर बदलू देत नाही.

तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: क्लॅरिस आर२०००, आठ स्पीड. यात ब्रेकच्या लिव्हरमागेच दुसरी छोटी लिव्हर असते, ड्रॉपमधून दोन्ही गिअर सहज पडतात, तार टेपखालून जाते आणि १.७ चं घराणं असल्यामुळे तुझं बरंचसं सामान वाचतं. पुढे दोन चकत्या असल्यामुळे डावा शिफ्टर आर२००० च घे. आर२०३० तीन चकत्यांसाठी असतो, स्वस्तात मिळाला तरी नको. सात आणि आठ स्पीडची चेन एकाच रुंदीची असते, त्यामुळे क्रँकही तोच राहील. पुढचं डिरेलर मात्र शिफ्टरच्याच पिढीचं घे. पुढच्या डिरेलरची ओढ पिढीपिढीला बदलते, आणि तिथे पैसे वाचवायला गेलेले लोक नंतर चेन घासण्याचा आवाज ऐकत फिरतात.

मोठा खर्च मागच्या चाकाचा आहे, आणि हे दुकानात बरेचदा सांगत नाहीत. तुझं सात स्पीडचं फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी फिरवून बसवलेलं आहे. कॅसेट वेगळी असते, ती हबच्या खाचांवर सरकवून वरून लॉकरिंगने आवळतात. आट्याच्या हबवर कॅसेट बसत नाही. आट्याचं आठ स्पीड फ्रीव्हील मिळतं, पण ते मी बसवत नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवा बेअरिंग आतल्या बाजूला असतो आणि त्यापुढे ॲक्सल उघडा लोंबतो. चकती वाढली की ही उघडी लांबी आणखी वाढते. आपल्याकडच्या खड्ड्यांत असे वाकलेले ॲक्सल मी बरेच काढलेत, एक तर पूर्ण तुटलेला. चाक घेणारच असशील तर अकरा स्पीडच्या फ्रीहबचं घे (फ्रीहब म्हणजे हबचा तो खाचांचा भाग, ज्यावर कॅसेट बसते). तो जुन्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असतो. मागे तेवढ्याच जाडीची कडी (स्पेसर) टाकली की त्यावर आठ, नऊ, दहा काहीही बसतं. पुढे कधी अकरावर गेलास तर चाक पुन्हा घ्यावं लागणार नाही. फ्रेमच्या मागच्या दोन कानांमधलं अंतर आधी मोज. कॅलिपर ब्रेकच्या रोड बाईकला ते १३० मिलिमीटर असायला हवं.

एकदम पैसे नसतील तर दोन टप्प्यांत करता येतं. आधी आठ स्पीडचे शिफ्टर लाव आणि सात स्पीडचं फ्रीव्हील तसंच ठेव. ४.७६ आणि ५ मध्ये टिकेला पाव मिलिमीटरचा फरक पडतो. मधल्या चौथ्या चकतीवर गिअर अचूक लाव, मग प्रत्येक टोकाला चूक पाऊण मिलिमीटरच्या आत राहते. डिरेलरची वरची चकती थोडी हलती असते, ती तेवढं सांभाळून घेते. जास्तीची आठवी टिक लहान चकतीच्या बाजूला ठेव. तिथे तार नुसती सैल पडते. मोठ्या चकतीच्या बाजूला ठेवलीस तर प्रत्येक वेळी तू लिमिट स्क्रूविरुद्ध (डिरेलरला टोकाला अडवणारा स्क्रू) तार ताणशील. आवाज अगदी गप्प होणार नाही, पण सहा महिने निघतात. मी निदान चार सायकलींना असं करून दिलंय.

चाक आलं की कॅसेट ११-३२ किंवा ११-३४ घे, आणि मागचं डिरेलर तेवढं पेलतं का बघ. दोन गोष्टी बघायच्या, सगळ्यात मोठी चकती किती दातांची चालते आणि एकूण किती ढील डिरेलर ओढून घेतं. ढिलीचा हिशोब असा: पुढच्या दोन चकत्यांमधला फरक अधिक मागच्या टोकाच्या दोन चकत्यांमधला फरक. तुझे पुढचे ५० वजा ३४ म्हणजे १६. मागे ३४ वजा ११ म्हणजे २३. बेरीज ३९. नुसतं आकड्यांचं उदाहरण म्हणून (हे अकरा स्पीडच्या घराण्यातलं आहे, क्लॅरिसला चालणार नाही) सांगायचं तर १०५ आर७००० च्या लांब पिंजऱ्याच्या डिरेलरची हद्द नेमकी ३९ आहे आणि मोठी चकती ३४. त्याच्याच आखूड पिंजऱ्याची ३५ आणि ३०. नाव एकच, पण एक एवढ्या कॅसेटला पुरेल आणि दुसरं चेन ताणून हँगर उपटेल. म्हणून डिरेलर घेताना पिंजरा लांब, म्हणजे जीएस लिहिलेलाच, आणि शिमानोच्या कागदावर तुझे दोन्ही आकडे बसतात हे बघून.

चेन जुनीच चालवायचा विचार मनात आणू नकोस. आधी तिची झीज मोज. पट्टीने एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजले की नेमकी दुसऱ्या पिनेच्या मध्यावर पट्टी यायला हवी. पिन एक सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. नव्या कॅसेटवर जुनी चेन टाकली तर नवे दात ती स्वतःच्या मापाने झिजवून घेते.

ब्रेकबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण रोड बाईकच्या शिफ्टरमध्ये ब्रेकची लिव्हरही आलीच. तुझे कॅलिपर आहेत, म्हणून फार अडचण नाही. लिव्हर नव्या पिढीची झाली की ओढ थोडी बदलते, पॅड पुन्हा जुळवून घे आणि घाटात जाण्याआधी सपाटीवर दाबून बघ. पण कोणी व्ही-ब्रेकच्या हायब्रिडवर रोडचे शिफ्टर लावायला सांगितलं तर लावू नकोस. काही वर्षांपूर्वी मी ते केलं होतं. गिऱ्हाइकाला ड्रॉप हँडल हवं होतं, मी लावून दिलं, पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवले, उभ्या सायकलीवर ब्रेक घट्ट लागत होता. मग बोगद्याकडून समर्थ मंदिराकडे स्वतः उतरून बघितलं. वळणावर लिव्हर ओढली आणि ती थेट हँडलला येऊन टेकली. सायकल थांबली नाही, मी भिंतीला बूट घासत थांबलो. व्ही-ब्रेकला जितकी तार लागते तितकी रोडची लिव्हर ओढतच नाही. मी ते सगळं त्याच दिवशी उतरवलं. तारेच्या डिस्क ब्रेकमध्येही रोडचा आणि एमटीबीचा कॅलिपर वेगळा असतो, तिथेही हीच काळजी.

वापरलेले क्लॅरिस मिळाले तर घ्यायला हरकत नाही, पण हातात घेऊन. सुटी तार आत घालून ओढून धर आणि टिका मोज: उजव्या शिफ्टरला आठ स्पीडमध्ये जागा आठ, म्हणजे टिका सात. चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा मोज. तारेचं गोल डोकं जिथे बसतं त्या भोकात टॉर्चने बघ. टेपखालून जाणाऱ्या शिफ्टरमध्ये तार आत तीव्र वळते आणि डोक्याजवळ एकेक धागा तुटत जातो. तुटलेले धागे आत अडकून राहिले असतील तर टोकदार चिमट्याने काढताना संध्याकाळ जाते. शिफ्टर नवा असो की जुना, पावसाळा संपला की दरवर्षी मागची तार बदल. कासची फुलं बघायला जाण्याआधी बदलली तर आणखी चांगलं.

बसवताना काय ते सांगतो. गिअरची तार १.२ मिलिमीटरची, आउटर ४ चा, आत उभे धागे असलेला. ब्रेकचा आउटर ५ चा, आत गोल गुंडाळलेली पट्टी. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर तो दबतो आणि टिका कधीच नीट लागत नाहीत. उलटं कधीच, कधीच करायचं नाही. गिअरचा आउटर ब्रेकच्या जोराने फाटू शकतो आणि ते घाटाच्या उतारावर कळतं. रोडच्या ब्रेकच्या तारेचं डोकं पेरूसारखं निमुळतं असतं, एमटीबीचं सरळ नळकांड्यासारखं. आउटर कापल्यावर तोंड कानसीने सपाट कर, आतली नळी सुईने उघड, टोपी घाल. तार आत घालताना शिफ्टर सगळ्यात सैल टिकेवर आण, नाहीतर तारेचं डोकं जागेवर बसणार नाही. लिव्हरचा क्लॅम्प ६ ते ८ न्यूटन-मीटर, डिरेलरचा तार बोल्ट ६ ते ७, कॅसेटची लॉकरिंग ४०. टॉर्क रेंच नसेल तर ही तीन कामं माझ्याकडे येऊन कर.

टेप गुंडाळण्याआधी एकदा बसून बघ. हूड कुठे येतात, ड्रॉपमधून दोन्ही बोटं लिव्हरला पुरतात का, मनगट सरळ राहतं का. लिव्हर थोडी वर-खाली हलवायची असेल तर हीच वेळ, नंतर टेप पुन्हा उलगडावी लागते. मग लिमिट स्क्रू, मग तारेचा ताण, शेवटी बी-स्क्रू (डिरेलरची वरची छोटी चकती कॅसेटपासून किती लांब ते ठरवणारा). नवा आउटर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडा बसतो, गिअर जरा उशिरा पडायला लागेल. डिरेलरच्या मागचा बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरव, म्हणजे तार पुन्हा ताणली जाते. पहिली फेरी पोवई नाक्यापर्यंत जाऊन ये, दुसरी कोरेगाव रस्त्याला. यवतेश्वर त्यानंतरच्या रविवारी.

आता तू लगेच काय करायचंस ते सांगतो. आज संध्याकाळी तार सोडून वर सांगितलेली परीक्षा कर. उद्या दोन्ही शिफ्टर, दोन्ही डिरेलर आणि क्रँकचे नंबर, आणि मागच्या कानांमधलं अंतर, एवढं मला लिहून पाठव. पुण्याच्या माणसाला तोवर ‘नको’ म्हणून कळव.